खोडलेली अट

वृद्धांचे रक्षण हे वकिलाचे पहिले कर्तव्य आहे, असे मी एका समारंभात भाषणात सांगितले होते. टाळ्या चांगल्या पडल्या. भाषण संपले होते.

सत्तरच्या दशकात नागपुरात माझ्याकडे म्हातारी माणसे घराचे कागद घेऊन येत. त्यात एक विधुर विणकर होता. मूलबाळ नाही, नजर अधू झालेली, माग बंद पडलेला. आपले दोन खोल्यांचे घर त्याला हयातीतच पुतण्याच्या नावे करायचे होते, म्हणजे पुढचे दिवस पुतण्या आणि सून सांभाळतील. मी म्हटले, मृत्युपत्र करा, घर शेवटपर्यंत तुमच्या हातात राहील.

"म्हणजे मी कधी मरतो याची वाट पाहत बसावं त्याईनं?"

मग मी बक्षीसपत्र केले आणि त्यात अट घातली: देणाऱ्यास हयातभर पुढची खोली, दोन वेळचे जेवण आणि औषधपाणी द्यावे, न दिल्यास घर परत. वाचून दाखवताच त्याचा चेहरा उतरला.

"हे जेवणाचं काहून लिहिलं जी?"

"उद्या दिलं नाही तर?"

"साहेब, तुमची बायको तुमाले कागद पाहून वाढते का?"

माझ्या कारकुनाला अचानक खोकला आला.

"सून म्हणन, बुढा माह्यावर पोलीस बसवून राहिला. खोडा ते. पोरानं पाच जणांसमोर माह्या पायाले हात लावून सांगतलं हाये."

पायाला लावलेल्या हाताची नोंदणी होत नाही, असे मी म्हणालो. ते त्याला रुचले नाही. शेवटी अट मीच खोडली. 'अशिलाची इच्छा' या शब्दांत वकिलाची बरीच सोय असते.

दोन वर्षांनी तो पायऱ्या काठीने चाचपत आला. पुतण्या घर विकून सावनेरकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला गेला होता. क्वार्टर लहान, म्हणून काका मागे राहिला. आता तो देवळाच्या ओसरीवर झोपे, आणि शेजाऱ्यांना आठवण झाली की जेवे.

मी पुस्तके काढली. बिनशर्त दिलेले बक्षीस परत घेता येत नाही. आईबाप मुलाकडे पोटगी मागू शकतात, काका पुतण्याकडे नाही. हे मला पुस्तक न उघडताही माहीत होते; पण समोर माणूस बसलेला असला की काहीतरी उघडावे लागते.

उरला एक वृद्धाश्रम. तिथे फक्त निराधारांना घेत. 'सांभाळणारे कोणी नाही' असा अर्ज लिहून मी त्याचा अंगठा घेतला. या वेळी वाचून दाखवला नाही. रिक्षाने त्याला तिथे घेऊन गेलो.

व्यवस्थापकाने आपुलकीने विचारले, "बाबाजी, तुम्हाला पाहणारं कोणीच नाही का?"

म्हातारा ताठ बसला. "नाही कसं? पुतण्या हाये ना. लय गुनाचा. सून गरम पोळी वाढते."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो बाजूला केला.

व्यवस्थापकाने समासात शेरा लिहून अर्ज मला परत दिला: 'अर्जदाराची घरी उत्तम सोय आहे.'