खाली नाव कोणाचं?

रस्त्यात कुणी हातात पत्रक दिलं, तर तुम्ही त्यातलं आधी काय वाचता? खरं सांगा. मथळ्यावर नजर टाकता, चार पावलं पुढे जाता आणि चुरगळून टाकता. बहुतेक सगळे तेच करतात.

काका, माझ्या बाबांचे चळवळीतले सोबती, आधी तळाशी पाहायचे. कागद कसलाही असो, मोर्चाचं पत्रक, लग्नाची पत्रिका, उद्या नळ येणार नाही म्हणून कुणी वाटलेली चिठ्ठी, अंगठा थेट शेवटच्या ओळीवर ठेवून ते विचारायचे, "खाली नाव कोणाचं हाय?" नाव असलं तर चष्मा लावून वरपासून वाचायचे. नसलं तर नीट घडी करून देणाऱ्याच्या हातात परत. "ज्याले आपलं नाव सांगाची लाज वाटते, त्याचं मी काहून वाचू?"

मी पत्रकांवरच वाढले. दरवर्षी दीक्षाभूमीवर माझ्या बाबांचा पुस्तिकांचा स्टॉल लागायचा, आणि उरलेलं वर्षभर त्या पुस्तिकांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरून बोट फिरवून शिकले. आमच्या घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी निषेध नोंदवला जायचा. काका आमच्याच गल्लीच्या मागच्या टोकाला राहायचे, सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाताना डाव्या हाताला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सुटले की सायकल आमच्या दाराशी लावून पत्रकांच्या घड्या घालायला बसायचे. पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पार्सल म्हणजे अडगळ, हा धडा त्यांनी नोकरीतून आणला होता आणि तो ते चळवळीला शिकवत होते.

माझं पहिलं पत्रक मी सातवीत लिहिलं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती. मी खूप आग ओकली होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'एक विद्यार्थिनी'.

काकांचा अंगठा तिथे थांबला. "एक म्हणजे कोन वं? तुले नाव नाई का?"

मी नाव घातलं. मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं, बाबा काकांना सोबत घेऊन गेले, आणि दोघं परत आले तेव्हा काकांनी मला फक्त एवढं सांगितलं की सोमवारपर्यंत कडी लागेल. सोमवारी कडी लागली होती. तेव्हापासून मी बिननावाचं काही लिहिलेलं नाही.

आमच्या गल्लीला पूर्वी जातीवरून पडलेलं नाव होतं. पत्रं त्याच नावावर यायची, रिक्षावाले त्याच नावानं विचारायचे. काकांनी ते बदलून घेतलं. किती अर्ज, किती खेटे, किती साहेबांच्या बदल्या, ते सगळं मी लहानपणी ऐकतच मोठी झाले. निळी पाटी लागली त्या दिवशी काका तिच्याखाली उभं राहून बोलले. भाषण एकदम छोटं होतं. "माणसाले त्याच्या नावानं बोलवा. बाकीचं मंग पाहू."

आता काकूंबद्दल सांगते.

काकू थायलंडच्या. तरुणपणी यात्रेकरूंच्या एका जथ्यासोबत स्वयंपाक करायला म्हणून नागपुरात आल्या होत्या. जथ्याच्या भांड्यांची पेटी पार्सल ऑफिसात अडकली, कारण तिच्यावरचं नाव कुणालाच वाचता येईना. त्या रोज येऊन पेटीकडे बोट दाखवायच्या आणि काका रोज मान हलवायचे. शेवटी पेटी सुटली. काका अडकले.

लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सासूनं नाव विचारलं. काकू म्हणाल्या, दुआंगचाय. सासू म्हणाली, हे काय बाप्पा, टपरीवर दोन चाय सांगितल्यावानी. सगळे हसले, काकूही हसल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांचं नाव विशाखा ठेवलं गेलं. लग्नानंतर बाईचं नाव बदलायचं, ही आपली रीत. काकांच्या घरानं किती रीती गाठोड्यात बांधून कायमच्या टाकून दिल्या होत्या. ही एक खिशात राहून गेली.

विशाखाकाकू आमच्यापेक्षा जास्त नागपुरी झाल्या. भिवापूरच्या मिरच्यांचं पोतं यायचं, आणि त्या अंगणात बसून गवती चहा, लसूण आणि मिरची असं काही कुटायच्या की अख्खी गल्ली शिंकायची. ज्या गल्लीला आपल्या तिखटाचा एवढा गर्व, ती डोळे पुसत दारं लावून घ्यायची. "मले त हे फिकंच लागते वं," असं म्हणून त्या आणखी चार मिरच्या टाकायच्या.

आणि दरवर्षी काकूंना पोलिसांकडे जावं लागायचं. परदेशी माणसाच्या राहण्याची मुदत वाढवायची तर नवऱ्यानं सोबत जाऊन सांगायचं की ही माझी बायको आहे, माझ्या घरी राहते, हिची जबाबदारी माझ्यावर. अर्ज बाहेरचा टायपिस्ट पासपोर्ट पाहून भरायचा; आत काका सगळं बोलायचे, काकू बाकावर बसायच्या. एका वर्षी काका पाण्याच्या मोर्चात होते, म्हणून काकू एकट्याच गेल्या आणि तशाच परत आल्या. "साहेब विचारे, नवरा कुठी हाय? मी म्हटलं, भाषण देऊन राहिला." हे त्या इतक्या मजेनं सांगायच्या की आम्ही पोट धरून हसायचो. पुढे त्यांना इथे कायम राहायच्या परवानगीचं कार्ड मिळालं आणि त्या फेऱ्या संपल्या. त्या बाकावर बसून त्यांना काय वाटायचं, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मी तेव्हा जगातल्या सगळ्या अन्यायांवर लिहीत होते.

काका निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. काकूंची बहीण तिकडे गावात एकटी होती, नदीकाठी आईचं लाकडी घर होतं. एका सकाळी काकूंनी चहाचा कप काकांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "अवो, बहुत वर्षं मी तुमच्या घरी राहिली. आता तुमी चाला माह्या घरी."

काकांनी चहा पिऊन झाल्यावर विचारलं म्हणे, "तिकडं पेपर कोनता येते?"

व्हिसाचं काम माझ्याकडे आलं, कारण मला कॉम्प्युटर येतो. धरमपेठेत एक एजंट होता, टाय घातलेला, फार नम्र मुलगा. त्यानं आम्हा तिघांना बसवून समजावलं. तिकडे कायम राहायचं तर काकांपुढे दोन रस्ते होते. एक, निवृत्त माणसाचा व्हिसा. त्यात बँकेत जास्त रक्कम दाखवावी लागते, पण काकांच्या फंडातून ते जमत होतं. दुसरा, थाई बाईचा नवरा म्हणून. त्यात रक्कम कमी लागते, पण लग्नाचे पुरावे द्यायचे, दोघांचे घरातले एकत्र फोटो द्यायचे, आणि दरवर्षी बायकोनं सोबत येऊन सांगायचं की हा माझा नवरा आहे आणि माझ्याजवळ राहतो.

"आधी माहिती भरून घेऊ," तो म्हणाला. "सर, वाइफचं पूर्ण नाव?"

"विशाखा," काका म्हणाले.

त्यानं काकूंचा पासपोर्ट उघडला. मग काकांकडे पाहिलं. "सर, यात तर हे नाव नाहीये."

काकांनी पासपोर्ट हातात घेतला. सवयीनं अंगठा खालच्या ओळीवर गेला. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. चौकाचौकात गळा सुकेपर्यंत बोललेला माणूस एका नावापाशी थांबला होता. पहिला शब्द ओठांवर आला आणि अर्ध्यात मोडला. आडनाव तर मालगाडीसारखं होतं, त्याच्या तर ते वाटेलाच गेले नाहीत. मीही मदत करू शकले नाही. मला त्या 'दोन चाय'च्या गोष्टीपलीकडे काही माहीत नव्हतं.

काकू पंख्याकडे पाहत होत्या. त्यांना एका शब्दात सांगता आलं असतं.

एजंटला वाटलं आपल्यामुळेच अडचण झाली. तो घाईनं म्हणाला, "सर, सोपं करू. रिटायरमेंटवाला घ्या. त्यात वाइफचं नाव लागतच नाही."

काकांनी पासपोर्ट मिटला आणि दोन्ही हातांनी काकूंना परत दिला. म्हणाले, विचार करून सांगतो.

पुढचे काही दिवस सगळ्या गल्लीला मत होतं. चहाच्या टपरीवर काकांचे जुने सोबती म्हणत की एवढी नोकरी करून, पेन्शन कमावून बायकोच्या नावावर राहशील? घरजावई होशील का या वयात? माझं मतही तेच होतं, फक्त माझी भाषा चांगली होती. माणसानं स्वतःच्या हक्कावर राहावं, कुणाच्या आधारावर नाही, यावर मी त्यांच्या अंगणात उभी राहून जवळजवळ एक पत्रकच म्हणून दाखवलं. शिवाय माझ्याकडे एक बिनतोड मुद्दा होता. तो मी काकू आत गेल्याचं पाहून, आवाज खाली आणून मांडला. एजंटनं फोनवर मला सांगितलं होतं की नवरा म्हणून मिळालेला व्हिसा बायको असेपर्यंतच. उद्या काकू आधी गेल्या, तर काकांना त्या देशात राहायचा आधारच उरणार नाही. म्हातारपणी सामान उचलून निघावं लागेल.

काका मिरच्यांचे देठ खुडत होते. हे काम ते पहिल्यांदाच करत होते, हे दिसतच होतं.

"तू काहून इतकी तापून राहिली?" ते म्हणाले. "ती नसली, त मी तिथं कोनाचा?"

मग देठ खुडता खुडताच पुढे म्हणाले. "दर साली मी तिले घेऊन जाओ आन साहेबाले सांगो, हे माही बायको हाय. ती बाकावर बसून राहे. मी तिकडं पाहिलंच नाई कधी. आता ती सांगन, मी बसतो बाकावर. पाहू कसं वाटते त."

काकू आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. काकांनी मिरची खाली ठेवली आणि विचारलं, "नाव सांग वं तुह्यं."

"काहून? तुमाले मालूम नाई का?"

"नाई," काका म्हणाले. "सांग."

काकूंनी सांगितलं. काकांनी म्हटलं. काकूंनी मान हलवली, परत सांगितलं. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा काकूंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मिरचीच्या हातानं डोळा चोळला म्हणून पाणी आलं असं म्हणाल्या. मिरच्या काका खुडत होते. काकूंनी त्या दिवशी मिरचीला हातही लावला नव्हता.

त्यानंतर काका तलावावर फिरायला जाताना ओठ हलवत चालायचे. लोकांना वाटलं, म्हातारा निवृत्तीनंतर बुद्धवंदना पाठ करतोय. आडनावाला बरेच दिवस गेले, पण मालगाडीसुद्धा शेवटी फलाटातून निघालीच. एजंटकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं विचारायच्या आत काकांनी पूर्ण नाव सांगितलं, न थांबता, सभेत अध्यक्षांचं नाव घ्यावं तसं. काकूंनी या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही.

एकत्र फोटो हवे होते. घर धुंडाळलं तर काकांचे फोटो मोर्चातले, काकूंचे पोलिसांसाठी काढलेले, पासपोर्टच्या मापाचे. दोघांचा एकही नाही. शेवटी मीच मोबाइलवर काढले. दाराशी, चुलीपाशी, मिरचीच्या पोत्यापाशी. काकांना हात कुठे ठेवायचे ते कळेना. काकू म्हणाल्या, "खिशात नोका टाकू, पुढाऱ्यावानी दिसता," आणि त्यांचा हात धरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. तो फोटो माझ्याकडे आहे.

जायच्या आधी काकांनी लकडगंजातून एक लाकडी पेटी बनवून आणली. त्यात भिवापूरच्या मिरच्या, पाटा-वरवंटा आणि आमच्या स्टॉलवरच्या काही पुस्तिका होत्या. झाकणावर रंगानं नावं घालायला ते सकाळी अंगणात उकिडवे बसले. आम्ही सगळे भोवती उभे होतो. घेणाऱ्याच्या जागी त्यांनी काकूंचं नाव थाई लिपीत लिहिलं, वाकडंतिकडं, काकू वरून बोटानं वळणं दाखवत होत्या. पाठवणाऱ्याच्या जागीही तेच नाव लिहिलं. मग अगदी तळाशी, लहान अक्षरात, स्वतःचं घातलं.

टेंपो निघाला तेव्हा गल्लीतली एक बाई ओरडली, "विशाखा, सांभाळून जाजो वं." काकूंनी हात हलवला. काकांनी खिडकीतून मान बाहेर काढून त्या बाईला नीट, सावकाश काकूंचं खरं नाव सांगितलं. टेंपो निळ्या पाटीखालून गेला आणि तलावाकडे वळला.

आता त्यांचं घर बंद आहे. मागच्या अंगणात गवती चहा अजून उगवतो, कुणी पाणी घालत नाही तरी. मी पत्रकं लिहिते, बाबा घड्या घालतात, आणि छापून आलेल्या प्रत्येक कागदावर माझा अंगठा आधी तळाशी जातो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी एक बाई नक्की आहे, जिला लग्नाच्या दिवशी दुसरं नाव दिलं गेलं. आई असेल, आजी असेल, समोरच्या काकू असतील. आज हा लेख वाचून झाला की उठा आणि तिला तिचं पहिलं नाव विचारा. ती हसेल, कशाला म्हणेल, तरी विचारा, आणि नीट म्हणता येईपर्यंत म्हणून पाहा. या लेखाखाली माझं नाव आहे. त्याच्याखाली जागा कोरी आहे. तिचं नाव तिथे लिहा.