सुतकाच्या वर्षातला जपानी किल्ला

माझी आई गेली त्या वर्षी आखातातल्या, बिन महमूद वस्तीतल्या आमच्या घरात दिवाळी करायची नव्हती. तरी लेकीने गॅलरीत किल्ला बांधायला घेतला. मी चिडलो. ती मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, हा दिवाळीचा नाही, जपानी आहे. मातीच्या उतारावर दगड रचलेले, वर पुठ्ठ्याचे पांढरे मजले, प्रत्येक मजल्याला वेगळं छप्पर. खरा किल्ला जळाला होता आणि लोकांनी तो होता तसाच पुन्हा उभा केला, असं तिने सांगितलं. मावळा एकही नव्हता. मग मला रागावता येईना. मी स्वयंपाकघरातून मोहरी आणून पायथ्याशी पेरली. आमच्या किल्ल्यावर हिरवळ उगवून आणायचं काम दरवर्षी आईचं असायचं.