बाटलीवाली नणंद

आमची नणंद दर दोन तासांनी माठाखालच्या ओल्या वाळूतून एक बाटली उपसून उजेडात धरायची, आणि आत कोणी मेलं तर नाही ना, म्हणून डोळे ताणून पाहायची. सारं रिठद गाव तिला बाटलीवाली म्हणायचं. म्हणणाऱ्यांचं काय जातं! सत्तरच्या दशकात आमच्या बौद्धपुऱ्यातून एवढं शिकलेली ती एकटीच.

कॉलेज आटोपून ती कोकणात समुद्रावर संशोधनाला गेली होती. सासऱ्यांना लकवा मारला म्हणून धावत घरी आली, तर सोबत समुद्राच्या पाण्याची बाटली! तिच्यात खसखशीएवढी पिल्लं. खडकाला चिकटून जगणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जिवाची. अंगातल्या तेलाच्या थेंबावर ती जागा शोधत पोहतात. थेंब संपायच्या आत खडक मिळाला नाही, तर मरतात. अशी किती दिवस तग धरतात, ते नणंद रोज मोजून वहीत मांडायची.

“एकदा चिकटलं का जनमभर हालता येत नाही, वयनी,” ती सांगायची. “आन् थेंब सरत आला का मंग त्यायले कोन्ताबी दगड चालते.”

सांगता सांगता दाराकडे पाहायची. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत पोरीचे हात पिवळे करायचे म्हणून सासूबाईंनी स्थळांचा सपाटा लावला होता. पाहुणे आले म्हटलं की हिला घाम फुटायचा. एकदा लग्न लागलं की समुद्रावर परत कोण पाठवतंय! दोन स्थळं तिनं कशीबशी परतवली.

नवव्या दिवशी मला राहवेना. दारातलं कुत्रं उपाशी गेलं तरी मला घास उतरत नाही. ती विहिरीवर गेली तेव्हा मी बाटलीत चिमूटभर ज्वारीचं पीठ सोडलं. सकाळी पाणी आंबलेलं आणि पिल्लं सगळी तळाला.

“ताई, म्याच टाकलं पीठ,” मी सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “वयनी, त्यायले खाताच येत नाही,” एवढंच बोलली आणि बाटली धुऊन पालथी घातली.

त्याच दुपारी तिसरं स्थळ आलं. मुलगा कोण, करतो काय, तिनं विचारलंही नाही. “हो म्हना,” सासूबाईंना म्हणाली. आता हिला कोणताही दगड चालणार होता, आणि ते माझ्यामुळं!

बैठकीत मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. चहा घेऊन गेले आणि कपबशा पाहुण्यांपुढं ठेवल्या. “ताई लगन करून नाही राह्यल्या. त्यायचं शिक्षन बाकी हाय,” मी म्हटलं. सासूबाई ताडकन उठल्या. आता मला माहेरी धाडतात, असंच वाटलं. सासऱ्यांची वाचा गेलेली. पण त्यांनी खाटेवरून धड असलेला हात उचलला आणि पाहुण्यांना दार दाखवलं.

तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवायला मी गेले. सगळी मोजणी पहिल्यापासून करायची होती. भ्यालेलीच होती बिचारी. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून वाकून म्हणाली, “वयनी, तुमाले इचारलं होतं काय कोनी, लगनाच्या टायमाले?”

कोणीच विचारलं नव्हतं. पण ते तोंडानं कबूल करायची मला इतकी भीती वाटली, की मी म्हटलं, “पोचल्यावर चिठ्ठी टाका.”