चौथा कोपरा

मोहाडीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. पट्ट्या कापायचं काम माझ्या नवऱ्याचं, जोडायचं माझं. सोळा-सतरा वर्षं हीच वाटणी. यांनी चार तुकडे कापून माझ्यापुढे ठेवायचे, मी गम लावून, बारीक खिळे ठोकून चौकट करायची, आणि मग यांनी अंगठ्याचं नख चारही कोपऱ्यांवरून फिरवायचं. नख अडलं की चौकट मोडायची. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी मोडायची. या हट्टापायी मी यांच्याशी भरपूर भांडलेय.

पण हट्ट खरा होता. पट्टीचं टोक तिरपं कापायचं, बरोबर अर्ध्या काटकोनात, म्हणजे दोन टोकं मिळून कोपरा होतो. त्यात केसभर चूक झाली तरी पहिल्या कोपऱ्यात ती दिसत नाही, दुसऱ्यातही दिसत नाही. साचत साचत जाते आणि चौथ्या कोपऱ्यात फट पडते. समोरासमोरच्या बाजू लांबीला सारख्या नसल्या तरी तेच.

गेल्या दिवाळीनंतर आमचे चौथे कोपरे उघडे पडायला लागले. आधी मी कापायच्या लाकडी पेटीवर खापर फोडलं. करवत ज्यांतून चालते त्या तिच्या खाचा झिजल्या असतील म्हटलं. नवी पेटी आणली. मग करवतीला धार लावून आणली. आणि एका सकाळी पट्टीवर खूण करताना यांच्या हातातली पेन्सिल मला दिसली. ती थरथरत होती. माझं लक्ष गेलंय हे कळताच यांनी हात खिशात घातला.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी मात्र बसले. बोलले तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं.

त्यानंतर मी फटी बुजवायला लागले. लाकडाचा भुसा गममध्ये कालवायचा, फटीत दाबायचा, वरून सोनेरी रंगाचं बोट फिरवायचं. नागपूरहून येणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर ते खपून जातं. अशाच फटी बुजवणाऱ्या दुसऱ्या एका दुकानदाराला यांनी एकदा तोंडावर लबाड म्हटलं होतं. माझी भुशाची वाटी एक दिवस यांना टेबलाखाली दिसली. यांनी ती पाहिली आणि पायाने आत सरकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या गप्प राहण्याची मला जास्त भीती वाटली.

अशात आंधळगावच्या एक बाई आल्या, साठी ओलांडलेल्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पिशवीत जुनी सागवानी फ्रेम होती. त्यांच्या मालकांनी लग्नाच्या फोटोसाठी स्वतः रंधा मारून बनवलेली. मालक आता नाहीत. खालची पट्टी वाळवीने पार खाल्लेली, उभ्या पट्ट्यांची खालची टोकंही गेलेली. फोटोची कडही ओल लागून खराब झाली होती. फोटो कापून लहान करा, पण फ्रेम याच लाकडाची पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या बाजाराला नेईन म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत हे हो म्हणाले.

उरलेल्या तीन पट्ट्यांतून चार तुकडे निघत होते, आणि वर चार बोटं लाकूड. म्हणजे एक काप चुकला की संपलं. तेल लावलेल्या सागवानावर भुसा लपतही नाही. तो आठवडा मला धड झोप नव्हती की जेवण नव्हतं. हे रोज फ्रेम हातात घेत, उलटीपालटी करत आणि ठेवून देत.

बाजाराच्या आदल्या सकाळी शेवटी यांनी पट्टी पेटीत बसवली. करवत टेकवली. दात लाकडावर नाचले आणि एक ओरखडा उठला. नशिबाने टाकाऊ बाजूला. यांनी करवत खाली ठेवली, चहा पिऊन येतो म्हणाले आणि समोरच्या टपरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. चहा आत्ताच घरी झाला होता.

मी दार ओढून घेतलं. मनात काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी. वाटलं, मुद्दाम बिघडवावं. लाकूडच कुजकं निघालं म्हणून सांगता येईल, आणि आमचं सगळं आहे तसं राहील. मी नीट कापलं तर यांचा हात गेला हे दोघांनाही मान्य करावं लागेल. बिघडण्यापेक्षा मला ते नीट जमण्याची भीती वाटत होती.

पण त्या लाकडावर रंध्याच्या बारीक लाटा होत्या. बोटांना लागत होत्या. कुणाच्या तरी हातच्या. माझ्याने बिघडवणं झालं नाही.

आधी टाकाऊ तुकड्यावर दोनदा कापून पाहिलं. मग खुणेच्या बाहेरून, रेघ शिल्लक ठेवून, जोर न लावता करवत चालवली. समोरासमोरच्या बाजू एकमेकींना चिकटवून टोकं नखाने तपासली, एक कणभर लांब होती ती पॉलिशपेपरवर घासली. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. तीन कोपरे बसले. चौथा मी डोळे मिटून दाबला.

हे परत आले, फ्रेम उचलली, अंगठ्याचं नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही. यांनी काच पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. फ्रेम छातीशी धरली. मग यांना म्हणाल्या, "तुमचा हात अजून तसाच आहे जी."

मी पटकन हो म्हणणार होते. यांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"हे हिनं कापलं, बाई. माहा हात आता हालते."

मी फ्रेम कागदात गुंडाळत होते. सुतळीची गाठ काही केल्या मला मारता येईना.