रेफर म्हणजे वलसाड

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी मला उभं करून 'रेफर' या शब्दाचा अर्थ विचारला होता. इंग्रजीच्या तासाला मी सहसा मान खाली घालून बसायचे. पण हा शब्द मला येत होता, आमच्याकडे लहान मुलांनाही येतो; दवाखान्याने पेशंट रेफर केला की गाडी करून त्याला गुजरातेत, वलसाडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. मी पटकन म्हणाले, "रेफर म्हणजे वलसाड."

सगळा वर्ग हसला. डहाणूतल्या शिक्षकांची, रेल्वेवाल्यांची मुलं पुढच्या बाकांवर असायची, ती वळून माझ्याकडे बघत होती. मॅडमही थोड्या हसल्या, पण मायेने. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाहणे, संदर्भ घेणे, विचारणे. म्हणाल्या, "अर्थ अडला की डिक्शनरी रेफर करायची. लायब्ररीत रेफरन्सचं कपाट आहे, बघ जाऊन."

मी त्याच दिवशी गेले. त्या कपाटातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच टेबलावर बसून वाचायची. म्हणजे रेफर झालेली वस्तू कुठे जात नाही, जागेवरच राहते, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. वर्ग हसलेलाही डोक्यात होताच.

आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे. घरची भातशेती थोडी, म्हणून बाबा घोलवडच्या एका नर्सरीत चिकूची कलमं बांधायचे. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपाला चीर द्यायची, चिकूची फांदी तासून तिला जोडायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. त्यांनी बांधलेलं कलम सहसा मरायचं नाही. नर्सरीचा शेठ बाबांचा हात दाखवून गिऱ्हाइकांना सांगायचा, "आ हाथनी कलम छे." बाबा घरी येऊन ते वाक्य आम्हाला गुजरातीतच ऐकवायचे.

मी दुसऱ्या वर्षाला होते. एका सकाळी चहा पिताना बाबांच्या हातातून कप पडला. उचलायला वाकले ते वाकलेच, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आई मामाकडे गेली होती. मी आणि शेजारी राहणारी आत्या, आम्ही दोघींनी त्यांना रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, कागदावर लिहिलं आणि ते आत एका बाळंतिणीकडे गेले. सिस्टरने कागद माझ्या हातात दिला. "पेशंट रेफर केलाय. कळलं ना?"

"हो, कळलं," मी म्हणाले.

तीही घाईत आत गेली. कागदावर इंग्रजीत होतं, रेफर टू फिजिशियन. प्रत्येक अक्षर मला वाचता आलं, याचा त्या क्षणीसुद्धा थोडा अभिमान वाटला होता. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

आत्या म्हणाली, "काय लिवलंय, बाय?"

"मोठ्या डॉक्टरांना विचारणार आहेत. ते येऊन बघतील."

"सिस्टर रेफर बोलली ना? रेफर म्हंजे वलसाड. मी गाडी बघते."

"आत्या, तसं नसतं गं. तो आपल्याकडचा अर्थ झाला."

"माझ्या मानसाला नेला तेव्हा हाच शब्द होता."

"प्रत्येक वेळी तोच अर्थ नसतो. थांब जरा, नीट वाचलंय मी."

आत्या उठली होती, ती परत बसली. पदराने बाबांच्या तोंडाची लाळ पुसत राहिली. "कॉलेजवाली हायेस, तुलाच ठाव," असं म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोन तास त्या बाकड्यावर मोठ्या डॉक्टरांची वाट बघितली. सिस्टर बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. "अगं, तुम्ही अजून इथंच? मी समजले, गाडी ठरवायला गेलात!"

वलसाडच्या डॉक्टरांनी सुरुवात किती वाजता झाली ते विचारलं. मी वेळ सांगितली. ते एवढंच म्हणाले, "मोडा आव्या." उशिरा आलात. त्या दोन तासांनीच हात गेला असं मला कोणी म्हटलेलं नाही. मी विचारलंही नाही.

बाबा चालतात आता. बोलणं जड आहे. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, त्यामुळे चाकू धरता येत नाही. नर्सरीत डाव्या हाताने पाइप धरून रोपांना पाणी घालतात.

मला हा शब्द रोज कुठेतरी भेटतो. प्रोजेक्टच्या शेवटी रेफरन्स लिहायचे असतात. वापीला नोकरीला लागलेल्या मैत्रिणीला सगळे म्हणतात, मला पण रेफर कर ना. मोबाइलवर येतं, मित्राला रेफर करा. आणि वस्तीतल्या कोणाकडे इंग्रजी कागद आला, की आत्या त्याला अजूनही माझ्याकडेच घेऊन येते. मी कागद हातात धरते, दोनदा वाचते. म्हणते, आपण जाऊन विचारून येऊ.

मागच्या महिन्यात बाबा अंगणात बसले होते. बाटलीत लावलेल्या रायणीच्या रोपावर डाव्या हाताने कलम जमतं का बघत होते. मी त्यांना सांगून टाकलं. आत्याचं खरं होतं, मीच तिला बसवलं.

ते बराच वेळ पट्टीशी झटत राहिले. मग अडखळत म्हणाले, "मी ऐकत होतो."

"बाकड्यावर?"

"हां. मला पन ठाव होतं. वलसाड."

"मग खूण तरी करायची ना, बाबा."

"तू वाचून सांगितलंस ना. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

पट्टीचं टोक त्यांच्या बोटांतून सुटलं. ते मी धरलं आणि त्यांनी सांगितलं तसं ओढत राहिले. कलम सैलच बसलं.