बाहुल्याला विटाळ

"तू थांब गं. तू सगळ्यात शेवटी."

इन्चार्ज सिस्टर हळूच म्हणाल्या. आमच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये रबरी बाहुला निजवला होता. ओपीडीत पेशंट एकदम कोसळला तर काय करायचं, हे आम्हा नर्सना शिकवायला बाहेरून सर आले होते. एकेकीनं बाहुल्याची छाती दाबायची, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. मग दुसरीनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून आपलं तोंड लावायचं.

माझ्या तोंडामागनं मात्र स्पिरिट पुरणार नव्हतं.

भूकंपानंतर आमचं गाव नव्यानं वसलं. आखीव रस्ते, सारखी घरं. आमची गल्ली तेवढी पुन्हा कडेलाच. सिस्टर शेजारच्याच गावच्या, त्यांना सगळं ठाऊक. मी इंजेक्शन दिलेलं चालतं. लोकांची ओकारी मी काढलेली चालते. बाहुल्याला माझं उष्टं चालत न्हाय. मेल्या रबराला कसली आली जात?

तरी मी थांबले. सगळ्यांचं होईस्तोवर जेवणाची वेळ झाली. सर म्हणाले, "राहिलेल्यांनी बघितलंय ना? झालं मग." बाहुला पेटीत गेला. फोटोला मला उभं केलं. मागच्या ट्रेनिंगलाही हेच झालं होतं.

पुढं काही दिवसांनी केसपेपरच्या रांगेत माकणी गावाकडची एक मावशी धाडकन पडली. डॉक्टर बाळंतपणात अडकलेले. ओपीडीत मी एकटी. जीव खाऊन छाती दाबली. तोंडाला तोंड लावून फुंकलं. छाती वर येईना. मान कशी मागं करायची, हनुवटी कशी उचलायची, सगळं बघितलं होतं. हाताला ठाऊक नव्हतं. मावशीची सून माझे पाय धरून म्हणत होती, "बाई, काय बी करा, पण हिला जाऊ देऊ नका."

मावशी गेली.

सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ट्रेनिंगला होतीस ना तू? मग काय शिकलीस?"

संडासात जाऊन ओढणी तोंडात कोंबून रडले. डॉक्टर म्हणाले, ती तशीही वाचली नसती. असंल. पण मला ते कधीच कळणार न्हाय. मला शिकू न देऊन ते कळायची सोयच ह्या लोकांनी ठेवली न्हाय.

पुन्हा ट्रेनिंग आलं. तेच सर, तोच बाहुला.

"तू थांब," सिस्टर म्हणाल्या.

"न्हाय थांबणार. तुमी थांबा."

सगळ्यांच्या आधी जाऊन मी गुडघ्यावर बसले. फुंकलं. छाती हलली न्हाय. सर सांगत गेले, मी करत गेले. लई वेळानं छाती वर आली. तेव्हा मला मावशीची सून आठवली आणि बाहुल्यावरच रडू फुटलं. तरी हात काढला न्हाय.

उठले, तर पुढं कुणी येईना. स्पिरिटची बाटली तशीच.

हितनं पुढं दर ट्रेनिंगला पहिली मीच. माझ्यामागनं ज्यांना तोंड लावायचं न्हाय, त्यांनी न शिकता घरी जावं. आणि रांगेत कुणी पडलं, की त्याच्या माणसांना समोर उभं राहून सांगावं, आम्ही का शिकलो न्हाय ते.