हलक्या हाताचे दिनकरकाका

दिनकर खटावकर यांचा धंदा चुका काढण्याचा. द हेगमधल्या एका विमा कंपनीत ते सॉफ्टवेअर टेस्टर होते, वय चौपन्न. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. मी त्याच कंपनीत, आणि फोरबर्गला त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस मला तपासून मिळायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सायकलचं कुलूप, माझा चहा आणि माझं इंग्रजी तपासलं. बार्शीच्या शाळेतून आलेला माणूस तिन्हींत नापास.

त्यांच्या बायकोचं, शामलाकाकूंचं, आतडं दोन हजार अठरामध्ये रक्ताच्या गुठळीने सडलं आणि डॉक्टरांनी जवळजवळ सगळं काढून टाकलं. तेव्हापासून त्यांचं जेवण म्हणजे पांढऱ्या पातळ औषधाची पिशवी. उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, रुपयाएवढी डबी बसवलेली होती. तिला म्हणायचं पोर्ट. डबीतून एक बारीक नळी शिरेतून थेट हृदयाच्या तोंडाशी. रोज संध्याकाळी डबीत सुई टोचायची, पिशवी जोडायची. डावीकडची शीर गुठळीने आधीच बंद झालेली. उजवी गेली तर मांडीतून सोय करायची, आणि मांडीही गेली तर डॉक्टर खांदे उडवणार. इथले डॉक्टर खांदेसुद्धा प्रामाणिकपणे उडवतात.

हे सुई टोचायचं काम काका हॉस्पिटलात रीतसर शिकले, परीक्षा पास झाले. एकतीस पायऱ्या. काकू म्हणायच्या, "लग्नात सात पावलं धड टाकता आली नाहीत यांना, भटजींनी दोनदा मागे नेलं. पण ही एकतीस बघा कशी तोंडपाठ."

हॉस्पिटलच्या माहितीपत्रकातही काकांनी सतरा चुका काढल्या आणि मेल केली. सोळा शुद्धलेखनाच्या. सतरावी अशी: 'दहा मिलीपेक्षा लहान सिरिंज वापरू नये असं लिहिलं आहे, कारण दिलेलं नाही.' ही मेल गेली मार्च दोन हजार वीसमध्ये. तेव्हा हॉस्पिटलात उत्तर द्यायला कुणाला वेळ होता?

फोनवर मार्लूस नावाची नर्स असायची. एप्रिलमध्ये तिने काकांना सांगितलं, "मेनेर खटावकर, मार्चमध्ये तुम्ही अकरा वेळा फोन केलात. अकराही वेळा पोर्ट ठीक होतं. माझ्या निम्म्या मैत्रिणी कोव्हिड वॉर्डात आहेत. खरंच काही बिघडलं तरच करा." रागाने नाही, ट्रामची वेळ सांगावी तसं. पण फोन स्पीकरवर होता आणि काकू शेजारी बसल्या होत्या. पुढे कित्येक महिने घरात दूध उतू गेलं तरी काकू विचारायच्या, "मार्लूसबाईंना कळवायचं का?" मीही हसायचो. वर भाडेकरू असल्याने जरा दबून, पण हसायचो.

नोव्हेंबरमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी काकांनी सुई टोचली, सिरिंजचा दांडा मागे ओढला, आणि रक्त आलं नाही. रक्त परत आलं की नळी मोकळी, नाही आलं की थांबायचं आणि फोन करायचा, असा नियम. काकांनी त्याआधीचे उपाय केले. हात वर करा. मान वळवा. खोका.

"हळू खोकते," काकू म्हणाल्या, "नाहीतर शेजारची बाई नगरपालिकेला कळवेल."

रक्त नाहीच. सलाइन पुढे ढकलून पाहिलं, दांडा हलेना. मग काकांनी हॉस्पिटलच्या पिशवीत कधीतरी आलेली, पाकीटबंद, दोन मिलीची सिरिंज काढली.

"दहाचीच लिहिलीय ना?"

"मोठीने जोर बसतो. ही लहान आहे, हलकी जाईल."

"अहो, फोन करा."

"करतो. म्हणजे वर्षभर तेच ऐकवायला मोकळी तू."

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण या वाक्यावर दोघांचं एकमत आहे.

लहान सिरिंजेने जोर कमी नाही, जास्त बसतो. पायावर टोकदार टाच पडली तर ती सपाट चपलेपेक्षा जास्त खुपते, तसंच. काकांनी अंगठ्याने अगदी मायेने दाबलं. एकदम वाट मोकळी झाली.

"सुटली बघ," काका म्हणाले. खूश होऊन त्यांनी पिशवीही जोडली.

पंधरा मिनिटांत काकूंचा खांदा आणि मान पावासारखी फुगली. कातडीखाली आग. नळीतली गुठळी सुटलीच नव्हती, आत नळी फुटली होती आणि जेवण मांसात जात होतं. मला खाली बोलावलं तेव्हा काका पत्रकातली सूज कुठल्या पानावर आहे ते शोधत होते. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी काकांना दारातच थांबवलं, सोबत कुणी चालणार नाही. ते सायकल काढून मागे गेले आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभे राहिले. पाऊस होता. इथे तो असतोच.

नळीचा आठ सेंटिमीटरचा तुकडा हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन पडला होता. मांडीच्या शिरेतून तारेचा फास घालून तो ओढून काढला. काकू वाचल्या, उजवी शीर गेली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, कुठली सिरिंज? काकांनी ती तारीख-वेळ लिहून पिशवीत जपून ठेवली होती. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. अर्धं मिनिट लागलं. सतराव्या चुकीचं उत्तर असं आठ महिन्यांनी मिळालं.

जानेवारीत काकू मांडीत नवं पोर्ट घेऊन घरी आल्या. शेवटचं. शिकवायला मार्लूस स्वतः आली, मास्क आणि निळा गाऊन घालून. काका हात कोपरापर्यंत धुऊन, ट्रे धरून उभे. मला सामान धरायला जिन्यात थांबवलं होतं.

"कुणाला शिकवायचं?" मार्लूसने विचारलं.

"मला," काकू म्हणाल्या. "मांडी माझी मलाच दिसते."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मी बाजूला थांबून यादी वाचतो."

मार्लूस म्हणाली, नियमाप्रमाणे खोलीत पेशंट आणि नर्सच हवी, पण पेशंटची इच्छा असेल तर मी एकाला चालवून घेते. असं म्हणून तिने काकूंकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. काकू पांघरुणाची घडी सारखी करत राहिल्या, बराच वेळ. ती आधीच सारखी होती.

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"दार लावून घ्या," काकू म्हणाल्या.

ते बाहेर येऊन दारापाशीच उभे राहिले. आत मार्लूस इंग्रजीत एकेक पायरी सांगत होती, आणि इकडे काकांचे ओठ हलत होते. दोनदा ती म्हणाली, पुन्हा.

"आलं," आतून काकूंचा आवाज आला. "रक्त आलं."

मराठीत. मार्लूसला मराठीचा एक शब्द कळत नाही. काकांनी घाईने दार उघडलं, डोळे भरलेले.

"तुम्हाला नाही सांगितलं," काकू म्हणाल्या.

काकांनी दार लावलं.